‘त्याच्या मुलानंच केलं’: इजिप्तच्या थडग्यांवर करणाऱ्याचं नाव कुठे आणि केवढं?

छिन्नीवाला (फोंडा)

नमस्कार. मी या कट्ट्यावर वाचणाऱ्यांपैकी, लिहिणाऱ्यांपैकी नव्हे. पण गेले आठ दिवस ग्रॅनाइटची एक फळी माझ्या शेडमध्ये कोरी पडून आहे आणि ती बघून बघून डोकं उठलंय, म्हणून विचारतो.

दगडावर अक्षरं कोरणं हा आमचा घरचा धंदा. फोंड्याच्या चहूबाजूंना देवळं, त्यामुळे ‘स्मरणार्थ’ या एका शब्दावर आमची शीत-कडी चालते. पायऱ्या, बाक, पाण्याची टाकी, सभामंडपातली लादी. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा मयताचं नाव रंगवून दिलंय मी. पंखा लावला की नाव गायब, बंद केला की परत हजर.

आता मुद्दा. एका घरातली चार भावंडं, तीन भाऊ आणि एक बहीण. वडिलांच्या नावानं देवळाच्या तळीच्या पायऱ्या नव्यानं बांधून दिल्या. पैसे सगळे बहिणीचे, हे मला गवंड्याकडून कळलं. थोरला भाऊ मजकूर घेऊन आला: वर वडिलांचं नाव, खाली तिघा भावांची नावं तेवढ्याच मोठ्या अक्षरात, शेवटी ‘आणि परिवार’. दुसऱ्या दिवशी बहीण एकटीच आली. चहा घेतला, मजकूर वाचला आणि एवढंच विचारलं, ‘‘त्या परिवारात मी येते काय हो?’’ सासर डिचोलीला, लग्नाला तीस वर्षं झालेली. मला उत्तर सुचलं नाही. मी कपबश्या उचलल्या.

त्याच रात्री भाच्यानं मोबाइलवर इजिप्तच्या थडग्यांचा व्हिडिओ दाखवला. राजांच्या नव्हे, अधिकाऱ्यांच्या आणि कारकुनांच्या. भिंतीवर चित्रलिपीतली एक ओळ होती आणि खाली अर्थ: ‘त्याचं नाव जिवंत ठेवणारा त्याचा मुलगा.’ म्हटलं, हे तर आमचंच गिऱ्हाईक!

तर जाणकारांनी सांगावं. ही ओळ तिथे मुलाचीच असायची काय? मुलगी, बायको, आई यांना जागा होती की नाही? ती ओळ भिंतीवर नेमकी कुठे आणि केवढ्या अक्षरात? आणि खर्च करणारा आणि नाव घालणारा एकच असे की तिथेही आमच्यासारखंच? फळी कोरी आहे तोवर कळलं तर बरं.

वाटाड्या (जुनं गोवं)

इजिप्तचं मला काही ठाऊक नाही. मी पर्यटकांना इगर्जी (चर्च) दाखवतो. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इगर्जीत कधी गेलात तर वर छताकडे बघण्याआधी पायाखाली बघा. जमिनीत पोर्तुगीज फिदाल्गोंच्या, म्हणजे सरदारांच्या, थडग्यांच्या शिळा बसवल्यात, त्यांवर घराण्यांची चिन्हं. लोक चालून चालून अक्षरं पुसट झालीत. त्या काळच्या पोर्तुगीज थडग्यांवर एक ठरलेला साचा असतो: ही कबर अमक्याची ‘ई दि सेउश एर्देइरुश’, म्हणजे ‘आणि त्याच्या वारसांची’.

मी कितीतरी वर्षं पर्यटकांना सांगायचो की बघा, मुलाबाळांची किती माया. मग एका पोर्तुगीज म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो एक-चौदाचा उतारा आहे, जमिनीच्या हक्काचा कागद! ही जागा आमच्या घराची, इथे दुसऱ्या कुणाला पुरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बाब, थोरल्याला स्वतःचं नाव बापाएवढं का हवं, ते यावरून बघा. माझं मराठी शाळेपुरतं आहे, सांभाळून घ्या.

निवृत्त मास्तरीण (मडगाव)

छिन्नीवाले, तुमच्या प्रश्नानं मी सकाळची पेज विसरले. शाळेत इतिहास शिकवला तेव्हा इजिप्त पुस्तकात दीड पान होतं, त्यात पिरॅमिड आणि ममी. चित्रलिपीचा नाद लागला तो निवृत्तीनंतर, आणि मला खरी गोडी लागली ती या खासगी थडग्यांचीच. राजे काय, स्वतःविषयी खोटंच बोलायचे.

आधी तुमची ओळ. ती साधारण अशी वाचतात: ‘इन साफ सान्ख रेनेफ’. ते लोक स्वर लिहीत नसत, तेव्हा हा उच्चार आपण सोयीसाठी ठरवलेला. ‘सा’ म्हणजे मुलगा, ‘सान्ख’ म्हणजे जगवणं, ‘रेन’ म्हणजे नाव, आणि मागचा ‘फ’ म्हणजे ‘त्याचा’. सुरुवातीच्या ‘इन’वर इंग्रजी पुस्तकं परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात, कारण त्यांच्या भाषेत त्यासाठी अख्खं वाक्य फिरवावं लागतं. आपल्याकडे त्याला एक अक्षर पुरतं: ‘च’. त्याच्या मुलानंच त्याचं नाव जगवलं. दुसऱ्या कुणी नव्हे. याहून जुना साचा पिरॅमिडांच्या काळातला: ‘त्याच्या थोरल्या मुलानंच हे त्याच्यासाठी केलं, तो पश्चिमेला गेल्यावर.’ पश्चिमेला जाणं म्हणजे मरणं. तिथेही तो ‘च’ आहेच.

आता मुलीचं. चित्रलिपीत मुलगा लिहायला बदक काढतात, शेपटीला टोक असलेलं. मुलगी लिहायला तेच बदक आणि शेजारी पावाची एक छोटी अर्धगोल वडी, म्हणजे ‘त’. ‘सा’ची ‘सात’ झाली. एवढाच फरक! आणि ती वडी जोडलेल्या ओळी सापडतात: ‘त्याच्या मुलीनंच त्याचं नाव जगवलं.’ बायकोनं नवऱ्यासाठी केल्याच्या ओळी आहेत, भावानं भावासाठी केल्याच्याही आहेत. मुलाच्या जास्त, हे खरं. पण साचा कुणालाही बंद नव्हता.

गिझाला मेरेसांख नावाच्या राणीचं थडगं 1927 साली उघडलं. तिची काळ्या ग्रॅनाइटची शवपेटी कैरोत आहे. ती मुळात तिच्या आईची, हेतेफेरेसची. मुलगी आधी गेली, तेव्हा आईनं स्वतःसाठी करून ठेवलेली पेटी तिला दिली आणि ‘मी ही माझ्या मुलीला दिली’ अशा अर्थाचा मजकूर तीवर कोरून घेतला. तुमच्यासारखाच कुणीतरी जुन्या कोरीवकामात हा जादा मजकूर बसवत बसला असेल. दाराशी दोन तारखा आहेत, एक मृत्यूची आणि एक थडग्यात नेल्याची. मध्ये नऊ महिने गेलेले.

आणि आता माझं लाडकं. एल-काब नावाचं गाव आहे, लक्सरहून एडफूच्या वाटेवर. आमची टूर तिथे थांबणार नव्हती. मी ड्रायव्हरला गळ घातली, बरोबरच्या बायका रुसल्या, त्यांना एडफूच्या देवळाबाहेर शाली घ्यायच्या होत्या. डोंगराच्या कड्यात थडग्यांची ओळ आहे. त्यात एक एबानाचा मुलगा आहमोस याचं. हा नौदलातला सैनिक, इ.स.पू. 16व्या शतकातला. तीन राजांच्या हाताखाली लढला, हिक्सोस या परक्या राज्यकर्त्यांच्या राजधानीच्या वेढ्यात होता, सात वेळा शौर्याचं सोनं मिळालं, हे सगळं भिंतीवर त्याच्याच तोंडून. एबाना ही त्याची आई बरं का. बापाचं नाव बाबा (हो, खरंच बाबा), पण ओळख आईच्या नावानं. आणि हे थडगं केलं कुणी? मुलानं नव्हे. मजकूर सांगतो: ‘त्याच्या मुलीचा मुलगा, या थडग्याचं काम चालवणारा, आपल्या आईच्या वडिलांचं नाव जगवणारा, अमुन देवाचा रेखाटनकार पाहेरी.’ म्हणजे नातू, आणि तोही लेकीकडचा. वर धंद्यानं तुमच्या जवळचा, भिंतीवर आकृत्या आखणारा.

आकाराचं विचारलंत. आहमोस भिंतीवर उभा आहे ऐसपैस, हातात काठी. पाहेरी त्याच्यापुढे, लहानसा. एवढं मोठं थडगं ज्यानं केलं तो आजोबाच्या पुढ्यात एवढासा. हाच सर्वसाधारण नेम होता. मयताचं नाव, पदव्या आणि नैवेद्याचा मजकूर मोठा आणि मधोमध. करणाऱ्याची ओळ कडेला, दारावरच्या आडव्या शिळेवर नाहीतर भिंतीत नुसत्याच कोरलेल्या खोट्या दरवाजाच्या बाहेरच्या चौकटीवर. नाव असतंच, पण नम्रपणे असतं. थोरल्या भावाला हे सांगाच.

कोर्टाच्या पायऱ्या (म्हापसा)

मास्तरीणबाईंनी गोड बाजू सांगितली. वाटाड्यानं सांगितलेली आंबट बाजू इजिप्तलाही आहे, ती मी सांगतो.

देर अल्-मदिना म्हणजे राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांची वस्ती. तिथल्या कज्ज्यांचे कागद मिळालेत. एका पपायरसात भावंडांचा वाद आहे. आई मेली, एकट्या मुलानं तिचं अंत्यकर्म केलं, बाकीची आली नाहीत, नंतर मात्र वाटा मागायला हजर. पुरणाऱ्याच्या बाजूनं फेरोच्या कायद्याचा दाखला दिलेला आहे: मालमत्ता पुरणाऱ्याला द्यावी. आता परत वाचा ‘त्याच्या मुलानंच हे केलं’. तो ‘च’ श्रद्धेचा आहेच, पण दाव्याचाही आहे. भिंतीवर कोरलेली पावती.

गोव्यात मजा उलटी. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीला मुलाइतकाच हिस्सा. देशात इतरत्र लोक त्यासाठी भांडत होते तेव्हा आपल्या आज्या नोटरीपुढे जात होत्या. इन्व्हेंतार (वारसांच्या वाटणीचा खटला) काढलं की बहिणीची आणि तिच्या नवऱ्याचीही सही लागते, तिच्यावाचून एक माडसुद्धा विकता येत नाही. सहीला ती हवी. लादीवर मात्र ‘परिवार’. हे मी कोर्टाच्या आवारात टाइपरायटरपुढे बसून बघितलेलं आहे, एकदा नव्हे.

छिन्नीवाला (फोंडा)

सगळ्यांचे आभार. बदक आणि पावाची वडी मी भिंतीवर कोळशानं काढून बघितली. फरक खरोखर नखाएवढा आहे. कोरायला फार तर पाच मिनिटं.

आता धंद्याचं विचारतो. ते कोरायचे कसे? आमच्या बाबांच्या वेळी गेरूनं आखून छिन्नी-हातोडी. आता संगणकावर मजकूर जुळवायचा, स्टिकर कापून दगडावर चिकटवायचं, वाळूचा मारा करायचा, वर रंग. शिरोरेषा सरळ येते, पण अक्षराला पोट राहत नाही. आणि त्यांच्या कारागिरांना पैसे मिळायचे की गुलाम होते? भाचा म्हणतो गुलाम होते.

निवृत्त मास्तरीण (मडगाव)

भाच्याला सांगा, सिनेमे कमी बघ. थडगी बांधणारे पगारी होते, आणि कितीतरी मालकांनी भिंतीवर तसं लिहूनच ठेवलंय: हे थडगं मी माझ्या हक्काच्या मालमत्तेतून केलं, कुणाचं हिसकावलं नाही, कारागिरांना भाकरी, बिअर, कापड, तेल, धान्य देऊन इतकं खूश केलं की त्यांनी मला दुवा दिला.

कोरण्याची रीत तुमच्या बाबांचीच. लाल रंगानं कच्ची आखणी, उस्ताद काळ्या रंगानं ती सुधारणार, मग छिन्नी. बाहेरच्या, उन्हातल्या भिंतींवर बहुधा खोलगट काम, कारण उन्हात खाचेची सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. आत, दिव्याच्या उजेडात, उठावाचं. गिझाचा स्थानिक दगड भरड, शंखशिंपल्यांनी भरलेला, म्हणून चांगल्या कामाला नदीपलीकडच्या तुराच्या खाणीतला पांढरा चुनखडक आणत.

त्यावरून सेनेजेमिब आठवला. राजा इसेसीचा वजीर. त्याचा मुलगा मेही, गिझाच्या थडग्यावर अगदी कंत्राटदारासारखा हिशेब लिहून गेलाय: राजाकडे अर्ज केला, तुराहून शवपेटी मंजूर करून घेतली, ती झाकणासकट होडीतून आणली आणि सगळं काम एक वर्ष तीन महिन्यांत उरकलं. तेवढे दिवस वडील शव टिकवणाऱ्यांच्या कर्मशाळेत. म्हणजे बाप तिकडे थांबलाय आणि मुलगा इकडे गवंड्यांच्या मागे. आपल्याकडे वर्षश्राद्धाच्या आत लादी बसायला हवी म्हणून तुमच्या शेडबाहेर लोक येतात ना, तेच.

आणि कोर्टवाल्यांना एक उत्तर देऊ द्या. पावती म्हणालात, मान्य. पण देर अल्-गब्रावीला एक अधिकारी होता, नाव जाऊ. हसू नका, त्याच्या बापाचंही नाव जाऊच. त्यानं बापासाठी वेगळं आणि स्वतःसाठी वेगळं थडगं न करता दोघांचं एकच केलं, आणि लिहिलं: दुसरं बांधायची ऐपत नव्हती म्हणून नव्हे, तर या जाऊला रोज बघता यावं म्हणून, त्याच्यासोबत एका जागी असावं म्हणून. त्यालाही लोक ‘पैसे वाचवले’ म्हणतील अशी धास्ती होती, हे त्यात दिसतंच. पण ‘रोज बघता यावं’ हे शब्द कुठल्या दाव्यासाठी लागत नाहीत.

कोर्टाच्या पायऱ्या (म्हापसा)

जाऊपुढे माघार घेतो.

वाटाड्या (जुनं गोवं)

आणि नाव खोडणाऱ्याला काय शिक्षा? की नुसतं सोडून द्यायचे?

निवृत्त मास्तरीण (मडगाव)

सोडतात कसले. पाण्यात मगर, जमिनीवर साप त्याच्यावर सोडू, पक्ष्याची पिरगाळावी तशी मान पिरगाळू, असं जुन्या थडग्यांवर आहे. पुढच्या काळातल्या शपथांत आणि दानपत्रांत तर गाढव येतं. मोडणाऱ्यावर आणि त्याच्या बायकोवर गाढव चढो. आपल्या कोकणातल्या गधेगाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना फोड करून सांगायला नको. शिलाहारांच्या दानशिळांवर ते चित्रच कोरलेलं असतं. दोन्हीकडच्यांना तेच गाढव कसं सुचलं, मला कोडं आहे. शाळेत हे शिकवता आलं नाही, याची मात्र थोडी हळहळ वाटते.

उलट बाजूही सांगते. बेनी हसनचा ख्नुमहोतेप लिहितो की माझ्या वाडवडिलांची दारांवरची पुसून गेलेली नावं मी पुन्हा नीट कोरली, ओळखू येतील अशी. म्हणजे तुमच्या धंद्याला त्यांच्याकडे पुण्य होतं, छिन्नीवाले.

छिन्नीवाला (फोंडा)

पुण्य आहे, येणी पण आहेत. एका जागचे दोन वर्षांपूर्वीचे पैसे अजून यायचेत. त्यांच्या भिंतीवर ‘कारागिराला खूश केलं’ असं कोरायची वेळ आली तर मी छिन्नीला हात लावणार नाही.

तर काय झालं ते सांगतो. काल थोरल्याला बोलावलं. आधी पाहेरीचं सांगितलं, आजोबाच्या पुढ्यात एवढासा. त्यानं ऐकून घेतलं, पटल्यासारखं दिसलं नाही. मग मी म्हटलं, बाब, जुनी रीत अशी की खर्च ज्याचा, ‘च’ त्याचा. तसं कोरायचं तर मला एकच नाव कोरावं लागेल, आणि ते तुमचं नाही. हे त्याला लगेच पटलं! अर्धा तास फोनवर भावांशी बोलला. मग म्हणाला, नावंच नकोत कुणाची, सगळ्यांचं मिळून लिही. बहिणीला मी फोन केला. ती म्हणाली, माझं नाव नको, पण ‘परिवार’ काढा.

मजकूर मीच जुळवला. वडिलांचं नाव मोठं, मधोमध. खाली अर्ध्या आकारात:

‘यांच्या स्मरणार्थ या पायऱ्या त्यांच्या मुलिने व मुलांनी बांधून दिल्या.’

मुलगी आधी घातली, कुणाला न विचारता. आज सकाळी वाळूचा मारा केला, संध्याकाळी रंग भरेन. कसं वाटतं?

निवृत्त मास्तरीण (मडगाव)

फार छान. फक्त ‘मुलीने’ दीर्घ हवं. इथे टाइप करताना चुकलं असेल.

छिन्नीवाला (फोंडा)

टाइप करताना नाही चुकलं. स्टिकरवरच तसं होतं.

‘मुलांनी’ मी हजारदा कोरलंय, झोपेतही चुकणार नाही. ‘मुलीने’ पहिल्यांदाच कोरलं.

निवृत्त मास्तरीण (मडगाव)

अरे देवा. पण घाबरू नका, त्यांचंही चुकायचं. चुकलेल्या खाचेत गिलावा भरायचे, वरून बरोबर चिन्ह कोरायचे आणि रंग द्यायचे. काही ठिकाणी आता तो गिलावा गळलाय आणि दोन्ही चिन्हं एकावर एक दिसतात.

छिन्नीवाला (फोंडा)

आमच्याकडे ग्रॅनाइटची भुकटी आणि ॲराल्डाइट. डावीकडची वेलांटी बुजवायची, उजवीकडची हातानं कापायची, स्टिकर नको. बाबांची बारीक छिन्नी शोधून ठेवलीय. वरून पॉलिश मारलं की पाच-सहा पावसाळे कुणाला कळत नाही.